बारावी गॅलरी

३ फेब्रुवारी, मंगळवार

फॉर्म भरून झाले! वीस घरं, वीस फॉर्म, एकही खाडाखोड नाही. आठवीत शाळा सुटली, पण गल्लीत माझ्याइतकं शुद्ध कोणी लिहीत नाही, सगळे मला 'मास्तर'च म्हणतात, म्हणून शिंपीकाकांनी हे काम माझ्या गळ्यात घातलं.

नियम असा — निदान बारा घरांच्या लाकडी गॅलऱ्या मूळच्या आणि सुस्थितीत असल्या, तर अख्खी गल्ली जतनाच्या यादीत जाते. मग दोन मजल्यांच्या वर कोणाला चढवता येत नाही. नाहीतर कोपऱ्यावरची तीन घरं घेऊन बसलेला बिल्डर नऊ मजले उभे करणार, आणि मग एकेक करून आम्ही सगळे.

अकरा निघाल्या. बारावी आमची.

४ फेब्रुवारी

इथे तरी खरं लिहितो. मागच्याच महिन्यात बाबांनी आमच्या गॅलरीची तुळई हातोडीने ठोकून पाहिली. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. कान लावला आणि म्हणाले, "पोकळ आहे. आत नुसता भुसा."

तुळई बदलली तर गॅलरी मूळची राहत नाही. नाही बदलली तर सुस्थितीत नाही. दोन्हीकडून अकराच!

मी लिहिलं — सुस्थितीत. अक्षरही छान आलं. मग गॅलरीच्या दाराला कडी घातली, वर दोरी बांधली.

११ फेब्रुवारी

यादी तात्पुरती मंजूर! शिंपीकाका भर रस्त्यात नाचले. "मास्तर, तुझा हात सोन्याने मढवायला हवा!"

बाबा रंधा मारत होते. न थांबता विचारलं, "बारावी कुठली धरलीस?" सांगितलं. रंधा तसाच चालू ठेवला. जेवलेही नाहीत नीट.

१६ फेब्रुवारी

बिल्डरच्या माणसाने हरकत घेतली — त्या गॅलरीत कोणी पाऊल ठेवत नाही, म्हणे. शुक्रवारी अधिकारी बाई तपासायला येणार.

खालून टेकू लावू म्हटलं. बाबा म्हणाले, "त्यापेक्षा पाटीच लाव ना, पडणार म्हणून."

शिंपीकाकांना सगळं सांगून टाकलं. मशीन थांबली. "हे तू मला सांगितलंच नाहीस. आणि मी ऐकलं नाही." मशीन परत सुरू.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बाई आल्या. हातात माझा फॉर्म. मी बोलणार होतो — शपथ, बोलणारच होतो — तेवढ्यात बाबांनी दोरी सोडली, कडी काढली आणि खुर्ची घेऊन गॅलरीत जाऊन बसले!

"या ना बाई, इथे वारा छान लागतो."

बाईंनी उंबऱ्यातूनच पाहिलं, फॉर्मवर खूण केली, गेल्या. चार मिनिटं. खुर्चीखालची फळी दोनदा कुरकुरली.

"बाबा, का केलंत असं?"

"तू लिहिलंयस ना? मग कोणीतरी बसायला नको?"

२१ फेब्रुवारी

बिल्डरचा माणूस समोरच्या पायरीवर. मोबाईल आमच्या गॅलरीवर रोखलेला. अंतिम यादी अठ्ठावीसला. तोवर बाबा रोज सकाळी बसणार. "भिंतीला चिकटून बसतो रे. लाकूड तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं."

२३ फेब्रुवारी

बसले. उठून आत आले. तोवर मी उंबऱ्यात उभा.

२४ फेब्रुवारी

पत्र लिहिलं. घर क्रमांक चौदा, गॅलरीची नोंद चुकीची आहे, चूक माझी आहे. तीनदा लिहून शुद्ध प्रत काढली. उद्या कार्यालय उघडताच देणार. अकरा तर अकरा!

२५ फेब्रुवारी

दिलं नाही. शिंपीकाका दारातच आडवे. "तीन दिवस, मास्तर. फक्त तीन. वीस घरांचा प्रश्न आहे." बाबा आतून म्हणाले, "ठेव ते खिशात." ठेवलं.

२७ फेब्रुवारी

आता अकरा.

बाबा खुर्चीसकट खाली गेले. मी आत चहा गाळत होतो. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

दुपारी अधिकारी बाई आल्या. तुळई धड आहे असं कोणी सांगितलं, म्हणाल्या. मी खिशातलं पत्र काढून दिलं. एकही खाडाखोड नाही.