पाचचा गळा, नऊची लांबी

३ फेब्रुवारी, मंगळवार

चार महिने वही उघडली नाही. उशीर झाला, माफ कर. सांगण्यासारखं काही नव्हतं असं नाही, पण तेच ते — गुडघा, नळाचं पाणी, मास्तरांची कुरकुर. तुला तरी किती वेळा ऐकवायचं.

आता मात्र आहे. सुनेचं पत्र आलंय. येऊन आठ दिवस झाले. आठ दिवस ते चष्म्याच्या डबीखाली ठेवलंय आणि मी घरभर फिरतोय.

पत्र कसलं, पाच ओळी. वर ‘बाबा’ वगैरे काही नाही, थेट मजकूर. मुलगी नऊ वर्षांची झाली. अंगाने फार बारीक आहे. तयार कपडे वयाचे घेतले तर ढगळ होतात, अंगाचे घेतले तर आखूड. आईंचे फ्रॉकचे कागदी फर्मे अजून असतील तर पाठवावेत, इथल्या शिंप्याकडून शिवून घेईन. खाली मापं — उंची पन्नास, छाती तेवीस, कंबर एकवीस, फ्रॉकची लांबी अठ्ठावीस. त्याखाली फोनचा नंबर. संपलं.

साडेसात वर्षांनी. मुलगा गेल्यावर वर्षभराने तिने दुसरं लग्न ठरवलं, तेव्हा मी दारात उभा राहून म्हणालो होतो, ‘या घरातला एक दोराही न्यायचा नाही.’ तिने खरंच नेला नाही. दीड वर्षाची पोर अंगावरच्या कपड्यांनिशी उचलली आणि गेली. माझी बायको त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलली नाही. दोन वर्षांपूर्वी तीही गेली.

छाती तेवीस. नऊ वर्षांच्या पोरीची? आजारी तर नाही ना? तिथे नीट जेवायला घालतात ना?

४ फेब्रुवारी, बुधवार

फर्मे सापडले. शिलाई मशीनच्या मागे, सुतळीने बांधलेली गुंडाळी. बायको आळीतल्या मुलींचे फ्रॉक शिवायची, त्याचे. खाकी कागद, कोपऱ्यावर पेन्सिलीने आकडे — २, ५, ९. खाली बारीक अक्षरात छातीचं माप. नऊवर लिहिलंय सत्तावीस.

डोक्यात एक किडा शिरलाय. फर्मे न पाठवता फ्रॉकच शिवून पाठवला तर? तिने कागद मागितलाय, फ्रॉक नाही. नसती उठाठेव म्हणेल. पण तिकडचा शिंपी हे कागद तेवीस छातीला कसे बसवणार? आणि नाही बसले तर ती म्हणेल, त्या घरून आलेलं कधी धड असतं का.

मला तरी कुठे येतं म्हणा. दुकानात मास्तर कापायचे, मी शिवायचो. तेही पँटी. पन्नास वर्षं पँटी. वरच्या अंगाचं मी कधी बटणसुद्धा लावलं नाही, ते शर्टवाल्याचं काम.

संध्याकाळी — तरी हिशोब करून पाहिला. सत्तावीसमधून तेवीस गेले, राहिले चार. कागद दुहेरी कापडावर ठेवायचे, म्हणून पुढचा आणि मागचा, दोन्ही पाव छातीचे. म्हणजे प्रत्येकाच्या बाजूने एक इंच कमी. झालं. एवढ्यासाठी आठ दिवस घाबरलो!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नाही झालं.

फर्मा वर्तमानपत्रावर उतरवून घेतला, बाजूने इंच इंच कमी केला, जुन्या चादरीचा नमुना शिवला. घालून बघायला पोर नाही, म्हणून लोडाला टॉवेल गुंडाळून बरोबर तेवीस इंचांचा केला आणि स्टुलावर उभा केला. शेजारीणबाई दारातून म्हणाल्या, ‘पाहुणे आले वाटतं.’

छातीला छान बसला. पण गळा पुढे लोंबतो, आणि खांद्याची शिवण खांदा सोडून खाली उतरते. गळ्याला चिमटा काढला तर पाठ ओढली जाते. पाठ सोडली तर पुन्हा गळा. दोन तास झटापट केली. कापड असं का करतं? छाती जर बरोबर आहे तर वरच्या भागाला काय झालं?

७ फेब्रुवारी, शनिवार

मास्तर आले. चौऱ्याऐंशी वर्षांचे, जिना चढून. शेजारीणबाईंनी बातमी पोचवली असणार. बसायच्या आधी लोडाभोवती एक फेरी मारली.

‘हे काय शिवलंयस?’

‘फ्रॉक.’

‘उशीला?’

सगळं सांगितलं. सुनेचं, मापांचं. ते ऐकत होते की नाही कोण जाणे, बोटाने मुंढा चाचपत होते — हात घालायची गोल जागा.

‘हात कुठून वर करणार पोरगी?’

‘इथून.’

‘इथून? बाजूने इंच खाल्लास, त्याबरोबर मुंढाही खाल्लास. काखेत काचेल. लोडाला हात नसतात म्हणून लोड बोलत नाही.’

‘मग गळा का लोंबतो?’

‘कारण गळा जाड्या पोरीचा आहे. खांदे जाड्या पोरीचे. फक्त बरगड्या बारीक पोरीच्या. पँट घेतो तशी बाजूने घेतलीस तू.’

मी म्हटलं, मग करू काय? तर चहा ओढत म्हणाले, ‘पन्नास वर्षं माझ्यासमोर बसलास. एकदा तरी मान वर करून पाहिलंस, मी कापतो कसा?’

नाही पाहिलं. खरं आहे. तुकडे यायचे, मी जोडायचो.

मी हळूच म्हटलं, तिला तिथे खायला मिळत नसेल का हो? मास्तर एकदम कडाडले. ‘छाती बघून घरचं जेवण ओळखतोस? काही मुलं असतात काटकुळी. असलं काही पत्रात लिहिशील तर खबरदार.’ आणि काही न सांगता उतरून गेले.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज एक गंमत पाहिली. लिहायलाच हवी.

नऊचा नमुना फसला म्हणून सहज पाचचा कागद काढला. कोपऱ्यावर छाती — तेवीस! पाच वर्षांच्या पोरीची छाती आणि माझ्या नातीची छाती एकच. मग पाचचा कागद नऊवर ठेवला, खिडकीच्या काचेला लावून बघितला. उजेड आरपार येतो, दोन्ही रेषा दिसतात. गळ्यात फरक म्हणशील तर बोटाच्या अर्ध्या पेराएवढा, पण लोंबायला तेवढा पुरला. मुंढ्यात थोडा. रुंदीत एकेक इंच. पण कंबरेपर्यंतच्या उंचीत चांगले दोन इंच, आणि खालच्या घेराच्या लांबीत तर पाच!

म्हणजे पोरं चारी बाजूंनी सारखी वाढत नाहीत. आधी लांब होतात, मग भरतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. स्वतःचा मुलगा समोर वाढला, त्याच्याही वेळी दिसलं नाही.

मग मोठा फर्मा बारीक कशाला करायचा? लहान घ्यायचा आणि लांब करायचा! गळा, मुंढा पाचचा. मुंढ्याच्या खाली कागद आडवा कापला, दोन्ही तुकडे दोन इंच लांब सरकवले, मध्ये पट्टी चिकटवली. कंबर खाली गेली, वरचं सगळं जागच्या जागी. घेराला खालून पाच इंच. अठ्ठावीस बरोबर भरले.

तसाच कागद घेऊन मास्तरांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. ‘हं,’ म्हणाले. त्यांचं ‘हं’ पन्नास वर्षांत दोनदा ऐकलंय.

मग म्हणाले, ‘खांदा?’

‘पाचचाच.’

‘उंची पन्नास आहे तिची. मांस नसेल, हाडं वाढलीच असणार. खांदा किती ते विचार.’

‘पत्रात नाही लिहिलं.’

‘फोनचा नंबर शोभेला दिलाय?’

१० फेब्रुवारी, मंगळवार

फोन केला नाही. दुपारी लोक झोपतात.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज आठ आकडे दाबले आणि ठेवला. काय म्हणणार? ‘मी तोच, दारातला’?

मास्तरांना विचारलं, अंदाजाने धरला खांदा तर? म्हणाले, ‘अंदाजाने धरायचं तर लोडालाच घाल.’

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

केला. जसं झालं तसं लिहून ठेवतो.

सूनच उचलणार असं धरून वाक्य पाठ केलं होतं. उचलला पोरीने. बारीक आवाज, पण ठसठशीत. ‘कोण बोलतंय?’

पाठ केलेलं सगळं गेलं. तोंडातून निघालं, ‘शिंपी.’

‘कोणते शिंपी?’

‘फ्रॉकवाले. तुझा खांदा किती आहे ते लिहायचं राहिलंय.’

‘माझा? थांबा.’ मग धावल्याचा आवाज. ड्रॉवर ओढल्याचा. ‘आई, टेप धर ना मागून. शिंप्याचा फोन आहे.’ मग काहीच नाही. मला वाटलं ठेवला. तेवढ्यात लांबून आवाज आला — ‘साडेदहा.’ सुनेचा. एक शब्द. साडेसात वर्षांत माझ्या कानावर पडलेला पहिला.

‘साडेदहा,’ पोरीने पुन्हा सांगितलं. जसं काही मला ऐकू आलंच नव्हतं.

मला ठेवता येईना. विचारलं, ‘जेवतेस ना नीट?’

‘सगळे हेच विचारतात. मी बाबांपेक्षा जास्त जेवते. ते मोजतात.’

बाबांपेक्षा. लागलं थोडं. मग वाटलं, मोजतो म्हणजे लक्ष ठेवतो. बरं आहे.

‘तुम्ही खिसे लावता का?’ तिने विचारलं. ‘मुलींच्या फ्रॉकला कोणी लावतच नाही.’

म्हटलं, जन्मभर खिसेच लावले. किती हवेत?

‘दोन. खोल. आणि —’ मागून सून काहीतरी म्हणाली. पोर म्हणाली, ‘आई म्हणते, शिंप्याला विचार, अजून काही हवंय का.’

तेव्हा बोलायला हवं होतं. तेवढ्यासाठी तर तिने विचारलं होतं. मी म्हणालो, ‘नाही, झालं.’

१४ फेब्रुवारी, शनिवार

पाचच्या कागदाचा खांदा दहा, नऊचा साडेअकरा. पोरीचा साडेदहा. म्हणजे ना इकडची ना तिकडची. खांद्यात पाव पाव इंच वाढवलं, मुंढा पाव इंच खोल केला. नवा नमुना चादरीचाच शिवला. गळा अंगाला बसलाय. मास्तरांनी स्वतःची मूठ मुंढ्यातून घालून वर करून पाहिली. चूक काढली नाही. म्हणजे ठीक.

१६ फेब्रुवारी, सोमवार

कापड बायकोच्या पेटीतलं. निळं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं, कधीतरी घेऊन ठेवलेलं. तेवढंच आहे, चुकलं तर दुसरं नाही.

कागद मांडला, खडूने रेघा मारल्या आणि कात्री मास्तरांपुढे केली. त्यांनी हात मागे बांधले.

‘तू काप.’

‘माझा हात थरथरतो.’

‘माझा काय कमी थरथरतो? चाळीस वर्षं थरथरत होता. तू खाली मान घालून बसायचास, दिसला नाही.’

कापलं. पहिल्यांदाच. कात्री कापडात शिरते तेव्हा असा आवाज होतो हे समोरच्या टेबलावरून ऐकलं होतं, हातात कधी जाणवलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

झाला. दोन खिसे, खोल. खाली तीन इंच कापड आत दुमडून ठेवलंय, उंची वाढली की सोडता येईल.

चिठ्ठी चार वेळा लिहिली. पहिलीत खूप कारणं होती. दुसरीत मुलगा आला. तिसरी तर नुसती मापांचीच झाली. चौथी फाडली नाही. ‘फर्मे तिन्ही पाठवत आहे. ते तुझेच. मी तेव्हा जे बोललो ते बोलायला नको होतं. फ्रॉक मागितला नव्हतास, तरी शिवला. नाही बसला तर राग धरू नकोस.’ अक्षर वाकडं आलंय. राहू दे.

पार्सलात फर्म्यांची गुंडाळी, वर फ्रॉक, आणि त्याच रंगाच्या दोऱ्याचं एक अख्खं रीळ.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पोस्टातल्या माणसाने विचारलं, आत काय? म्हटलं, कपडे. त्याने दणकन शिक्का मारला. घेरावर चुणी पडणार आता.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

काही नाही. चार दिवसांत पोचतं म्हणाले होते.

धुतल्यावर आटलं तर? मी कापड आधी भिजवलं होतं का? हो, भिजवलं होतं. वाळत घातलेलं आठवतंय. की ते चादरीचं होतं?

मास्तर म्हणतात, ‘फोन कर.’ कसा करू? शिंपी म्हणून केला तर खोटं, आणि दुसरं काही म्हणून करायचा तर तिने आधी बोलवायला हवं.

१ मार्च, रविवार

काही नाही.

५ मार्च, गुरुवार

पत्र. वहीचं पान, टपोरं अक्षर.

‘आजोबा, फ्रॉक बसला. हात पूर्ण वर जातात, आईने दोनदा वर करून पाहिले. आई म्हणाली फोनवर तुम्हीच होता. ती असंही म्हणते की मी अंगाने तुमच्यावर गेलेय, लहानपणी तुम्हीही असेच होता असं आजी सांगायची. मला खरं वाटत नाही. तुमची सगळी मापं पाठवा, मी माझ्या शेजारी लिहून बघणार आहे. लवकर कळवा.’

टेप घेऊन मास्तरांकडे निघालोय.