देव्हाऱ्यातला टायबेरियस

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
…दूध तापवलं, पाणी भरलं, तुळशीला घातलं आणि देव घासायला बसले. परवाची सकाळ, रोजच्यासारखीच. चिमूटभर रांगोळी घेऊन आधी चांदीचे टाक घासले, शेवटी यांचं रोमन नाणं. त्याला जरा जास्त वेळ देते. तेव्हा काहीच जाणवलं नाही.
काल यांच्या जुन्या वहीत त्या नाण्याचा छाप सापडला. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवलेली. राजाचं नाक, कान, डोक्यावरची पानं, कडेची अक्षरं, सगळं स्वच्छ. देव्हाऱ्यातल्या नाण्यावर नुसतं डोकं आहे, तेही बटाट्यासारखं.
नाणं कुणीतरी बदललंय. संशय घेण्याचा माझा स्वभाव नाही. पण दिवाळीत बाळासो भावोजी देव्हाऱ्यापाशी बराच वेळ उभे होते.

४ फेब्रुवारी
वाचनालयातून नाण्यांचं पुस्तक आणलं. जुने रोमन लोक 'यू'च्या जागी 'व्ही' कोरायचे. एवढं कळल्यावर भिंगाने छापावरची अक्षरं लागली : टायबेरियस सीझर. मागच्या बाजूला खुर्चीवर बसलेली बाई, हातात फांदी. काहींच्या मते ती त्याची आई. नाणं आणलं तेव्हा हे म्हणाले होते, आपल्या लक्ष्मीसारखीच बसलीय, हिला देव्हाऱ्यात ठेव.
यांनी ते जयसिंगपूरच्या बाजारात घेतलं होतं. भावोजी तेव्हा सगळ्यांसमोर हसले. "दादा, रोमचा राजा जयसिंगपूरला कशाला आलता? तंबाखू घ्यायला?" यांना जाऊन सात वर्षं झाली. ते हसणं मी विसरलेले नाही.
यांचं नाणं खरं होतं हे सिद्ध करायचं. तोवर कुणाला एक अक्षर सांगायचं नाही.

५ फेब्रुवारी
फक्त शेजारच्या झुंबरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला कवाच ठावं हाय की." कसं ठाऊक? यादी केली. भावोजींच्या खाली त्यांचं नाव लिहिलं.

७ फेब्रुवारी
वहीत यांनी वजन लिहून ठेवलंय, पावणेचार ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर सव्वातीन भरलं. सोनार म्हणाला, "काकू, झीज हाय ही." त्याला झीज म्हणायला काय जातं? नाणं घेऊन अर्धं मिनिट आत गेला होता. यादीत तिसरा.

९ फेब्रुवारी, रविवार
भावोजींना जेवायला बोलावलं. नजर ठेवायला. तांबडा रस्सा केला. दोन वाट्या झाल्यावर म्हणाले, "वैनी, रस्सा झ्याक झालाय, पण तुमी माज्याकडं पोलिसावानी का बगताय?"
गुन्हेगारालाच पोलीस आठवतो.

१२ फेब्रुवारी
कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या नुजहत मॅडमकडे गेले. त्यांना जुन्या नाण्यांतलं कळतं. मी आधीच सांगितलं, नाणं बदललेलं आहे, फक्त कुणी ते ठरायचंय.
त्यांनी छाप आणि नाणं शेजारी ठेवलं. कडेला बारीक चीर आहे. छापातही त्याच जागी, तेवढीच. म्हणाल्या, "काकू, नाणं तेच आहे. आणि अस्सल आहे. साच्यात ओतलेलं नाही, ठोकून पाडलेलं आहे."
मी भावोजींना फोन लावायला पर्स उघडली. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पण चेहरा पार गेलाय. हे घासतं कोण?"
म्हटलं, मी. अमावास्या-पौर्णिमेला.
त्यांनी नाणं पुन्हा उजेडात धरलं. मग मीच म्हटलं, हे गेल्यापासून रोज.
"कशानं?"
रांगोळीनं.
रांगोळी म्हणजे दगडाची पूड, असं त्या हळूच म्हणाल्या. चहा दिला. चांगला होता.
येताना बसमध्ये यादी फाडली.

१३ फेब्रुवारी
भावोजींना फोन करून नाणं खरं असल्याचं कळवलं. चेहऱ्याचं सांगितलं नाही. टाक रांगोळीने घासले. नाणं साध्या पाण्याने धुतलं, पदराने टिपलं आणि जागेवर ठेवलं.