बाथरूमच्या दारातला काळा दगड

प्रिय दादा,

तू पाठवलेला फॉर्म परवा पोचला. बाबांना वृद्धांच्या त्या संस्थेत ठेवायचं तर दोन्ही मुलांच्या सह्या लागतात. तुझी झाली आहे, माझी जागा रिकामी आहे. महिनाअखेरपर्यंत पाठव म्हणतोस. मी अजून सही केलेली नाही, आणि का केली नाही ते फोनवर सांगायला गेले की मी विषयच बदलते, म्हणून लिहायला बसले आहे. मला भीती वाटते आहे, दादा. लहानपणी वाटायची तसली नाही. तेव्हा निदान तुझ्या पांघरुणात घुसता यायचं आणि तू लाथा मारून बाहेर काढेपर्यंत तरी बरं वाटायचं.

आधी घराचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. इंटिरिअर डिझाइनच्या शेवटच्या वर्षी कॉलेजनं आम्हाला एका मोठ्या कलासंग्रहालयात नेलं होतं, आठवतं? तिथे एक चित्र होतं. पांढरी भिंत, भिंतीत एक उघडं दार आणि दाराच्या आत नुसता काळोख. बाकी सगळे पुढे निघून गेले आणि मी पाऊण तास तिथेच उभी. जवळ गेलं की वाटायचं, आता तोल जाणार आणि आपण आत पडणार. मला ते फार म्हणजे फारच आवडलं. रात्री फोनवर तुला वर्णन करून सांगितलं तर तू म्हणालास, "रंग संपले असतील बिचाऱ्याचे." मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नव्हते. त्याच सहलीत एक जुनं ग्रंथालय पाहिलं. काळ्या गुळगुळीत दगडाची जमीन आणि तिच्यावर छताच्या झरोक्यातून पडलेली उजेडाची एकच पट्टी. वहीत तेवढाच तुकडा काढून घेतला आणि खाली लिहिलं, हे मी करणार.

पण गिऱ्हाइकं कुठे करू देतात! पहिलं काम मिळालं ते दातांच्या डॉक्टरीणबाईंचं. बाहेर बसायच्या खोलीत काळी जमीन करू म्हटलं तर म्हणाल्या, "अगं, माणसं इथे येतात तीच जीव मुठीत धरून, त्यात आणखी कशाला?" मी मनातल्या मनात नाक मुरडलं आणि पिवळ्या फरश्या बसवून दिल्या. दुसरं काम चपलांच्या दुकानाचं. दुकानदार म्हणाला काळ्यावर धूळ दिसते, विषय संपला. मग नाही म्हणणार नाही असं उरलं कोण? बाबा. आई गेल्यापासून ते तसेही कशालाच नाही म्हणत नव्हते. "तुला हवं तसं कर," म्हणाले, आणि मी आपलं घर तसं केलं. भिंती पांढऱ्या, सामान जवळजवळ नाही, पॅसेजच्या टोकाला बाथरूमच्या दारापुढे चार फूट काळा ग्रॅनाइट, वर झरोका. पहिल्या दिवशी उजेड त्या दगडावर पडला तेव्हा मी अक्षरशः रडले.

त्या वेळी बाबांचं विसरणं किरकोळ होतं. चष्मा, किल्ल्या, शेजाऱ्यांचं नाव. घर पूर्ण झालं आणि ते झपाट्यानं बिघडले. बाथरूमला जाईनात. कपडे ओले व्हायला लागले, मग लाजून ते कपडे कपाटामागे लपवायला लागले. आणि रोज दुपारी दगडाच्या अलीकडे खुर्ची आडवी ठेवायची, खुर्चीपासून खिडकीपर्यंत सुतळी बांधायची. मी सकाळी सोडायची, ते पुन्हा बांधायचे. तुला मी हे हसत हसत सांगितलं होतं, की बाबांनी माझ्या डिझाइनमध्ये सुधारणा चालवली आहे. डॉक्टरांनी विचारलं, घरात कशाला घाबरतात का? मी म्हटलं, छे. त्यांनी लिहून दिलं की आजार पुढे गेलाय. मग तू संस्था शोधलीस. तुझं काही चुकलं नाही, तुला मी सांगितलं तेवढंच कळणार.

दादा, जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्टी दुरुस्त केलेल्या माणसाला मी दारापुढे काळा चौकोन करून दिला. आपल्याला बोलता यायच्या आधीपासून त्यांनी काय शिकवलं होतं? दार उघडलं म्हणजे लिफ्ट आली असं नाही, आधी खाली बघायचं, मग पाय टाकायचा. त्यांचा कामावरचा जोडीदार तसाच गेला होता, लिफ्टच्या रिकाम्या खड्ड्यात एक पाऊल न बघता टाकलं म्हणून. त्यानंतर कामाच्या जागी ते आधी खुर्ची नाहीतर बाकडं आडवं लावायचे, दोर बांधायचे, मगच हत्यारांची पेटी उघडायचे. हे सगळं मला पाठ होतं. तरी रोज सकाळी ती सुतळी सोडताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पडला तो एका दुपारी. दगडावर डाग पडला होता म्हणून मी मध्यभागी उकिडवी बसून पुसत होते. मागून बाबांचा आवाज आला, कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता असा, कामावरचा. "हलू नकोस! वर बघ, खाली बघू नकोस!" वळून पाहिलं तर ते दगडाच्या कडेला पालथे पडले होते, एका हातानं चौकट धरून, दुसरा हात माझ्याकडे लांब केलेला. कपाळावर घाम. त्या गेलेल्या जोडीदाराला हाक मारून सांगत होते, दोर खाली सोड, पोरगी आत पडली. माझं नाव त्यांना आठवत नव्हतं, मी कुणाची पोरगी तेही बहुतेक नाही. मी त्यांचा हात धरला. त्यांनी मला ओढून बाहेर काढलं आणि किती तरी वेळ माझी हाडं मोडलीत का ते चाचपत बसले.

दुसऱ्याच दिवशी मी फरशीवाल्या मिस्त्रींना बोलावून दगड उखडून टाकला. आता तिथे लाकडी रंगाची साधी फरशी आहे, सगळ्या घरात आहे तशीच. बाबा स्वतःहून बाथरूमला जातात. कपडे कोरडे असतात. आईला शोधतात, दिवसातून चारदा विचारतात, तो आजार आहेच आणि तो माझ्या फरशीनं बरा होणार नाही. पण आपण ज्यासाठी त्यांना पाठवणार होतो त्यातलं निम्मं माझ्या दगडानं केलं होतं, हे तुला कळायला हवं.

वर 'दुसऱ्याच दिवशी' लिहिलंय ते खोटं आहे. खोडत नाही, राहू दे. मध्ये पाच दिवस गेले, कारण चौथ्या दिवशी घरसजावटीच्या मासिकाचे लोक माझ्या कामाचे फोटो काढायला येणार होते आणि दगडाशिवाय त्या घरात फोटो काढण्यासारखं होतं काय? त्यांना घरात राहणारा माणूसही हवा होता, बरोबर त्या उजेडाच्या पट्टीत. बाबा कडेला येऊन थांबले, भिंत धरून. त्यांना काय दिसतंय ते मला माहीत होतं, दादा. पक्कं माहीत होतं. तरी मी पलीकडे उभी राहिले, हात पुढे केला आणि लाडात म्हटलं, "या ना बाबा, मी आहे ना." त्यांनी विश्वासानं हात दिला, चार दिवसांपूर्वी मला ज्या हातानं बाहेर काढलं तोच, आणि मी ओढलं. ते ओरडले नाहीत. नुसते डोळे गच्च मिटले. फोटो सुरेख आला. फोटोग्राफर म्हणाले, किती शांत चेहरा आहे. बाबा आता तो दगड विसरले, फोटो विसरले, मला तर केव्हाच विसरले. पण मी हात पुढे केला की दोन्ही हात पाठीमागे नेतात. डॉक्टरांकडे न्यायचं होतं तेव्हा जिन्याच्या पहिल्याच पायरीवर त्यांचा तोल गेला, तरी त्यांनी माझा हात धरला नाही, खाली बसून घेतलं आणि माझ्याकडे बघत राहिले. ती नजर मला दिवसभर कामात, नकाशात, गिऱ्हाइकाशी बोलताना दिसते. म्हणून हे पत्र. त्यांना इथे ठेवायचं की पाठवायचं ते तू म्हणशील तसं करू, मी वाद घालणार नाही. पण तू ये. कुठेही न्यायचं झालं तरी त्यांना जिन्याच्या छत्तीस पायऱ्या कुणाचा तरी हात धरून उतरायच्या आहेत, आणि माझा हात त्यांना चालत नाही.

तुझीच,
ढमी