हणमंत सरांची कुलूपबंद प्रश्नपेढी

३ जुलै, गुरुवार
आजपासून सुरक्षा. मागच्या गल्लीत दयानंदनं बायोलॉजीचा क्लास टाकला. माझाच विद्यार्थी. लातूरला चार वर्षं शिकवून आला म्हणे. मुखेडमध्ये बायोलॉजी म्हणजे हणमंत सर, हे बावीस वर्षांचं समीकरण. त्याला आता काय लागणार? माझी प्रश्नपेढी. तीन हजार दोनशे प्रश्न, अकरा वर्षांची मेहनत, सगळी ह्या एका लॅपटॉपमध्ये. संशय पक्का. काल तो मला बघून हसला.

४ जुलै, शुक्रवार
बायकोला, सिंधुला, सोबत घेऊन इकराच्या दुकानात गेलो. खाजामियाँची मुलगी, बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्ती करते. तिनं जुनं सगळं पुसून लिनक्स टाकलं, अख्खी डिस्क एन्क्रिप्ट केली. लॅपटॉप चालू करताना एक लांब पासफ्रेज टाकायची, नाहीतर आतलं सगळं नुसता चिखल. विसरली तर? ती म्हणाली, "मग मी बी काही करू शकत न्हाई सर. ज्यानं बनवलं त्यो बी न्हाई." फार आनंद झाला.
प्रश्नांची एक कॉपी तिनं पेनड्राइव्हवर काढली होती, घरी ठेवा म्हणाली. मी समोर उभं राहून डिलीट करायला लावली. कॉपी म्हणजे चोराला आयतं. तिनं रिकामा पेनड्राइव्ह खणात टाकला. प्रभावित झाली असावी.

६ जुलै, रविवार
घरातले जुने छापील पेपर बंबात घातले. सिंधु म्हणाली, आज पाणी लवकर तापलं. तिला विषयाचं गांभीर्य नाही.
स्क्रीनलॉक पाच मिनिटांवर होता. पाच मिनिटांत माणूस काय काय चोरेल! एक मिनिट केला.

१० जुलै, गुरुवार
प्रोजेक्टरवर हृदय शिकवताना सात वेळा लॉक. डावा कप्पा समजावेपर्यंत पडदा काळा. टाइप करताना अक्षरं तोंडानं म्हणायची मला सवय आहे, असं आज कळलं. सातव्या वेळी अख्ख्या वर्गानं माझ्यासोबत पासवर्ड म्हटला. एक मुलगी म्हणाली, सर, शेवटची दोन शून्यं राहिली.
पासवर्ड बदलला. हे अपयश नाही, सराव आहे.

१४ जुलै, सोमवार
आता डिस्कची पासफ्रेजही बदलली. जुनी सिंधुसमोर टाकली होती. नवी माझी मीच. मोठं इंग्रजी वाक्य, मध्ये आकडे, एका शब्दाचं स्पेलिंग जाणूनबुजून चुकीचं. अभेद्य. ह्या वहीत लिहिणार नाही, सिंधु वही वाचते असा संशय आहे. लॅपटॉपमध्येच एका फाइलमध्ये लिहून ठेवली. तिथं कुणाचा बापही पोचणार नाही.

२९ जुलै, मंगळवार
इकरा बाजारात भेटली. तिनं विचारलं, लॅपटॉप बंद करता का नुसतं झाकण लावता? झाकण, म्हणालो. "मग कुलूप कशाला घातलं सर? झाकण लावलं तरी डिस्क उघडीच राहते की. रोज पूर्ण बंद करत जावा."
पंचवीस दिवस उघड्यावर होतो! घरी येऊन शटडाऊन केला. शांत वाटलं.

३० जुलै, बुधवार
सकाळी लॅपटॉपनं पासफ्रेज विचारली. वाक्य आठवतं. चूक कुठल्या शब्दात केली होती, ते आठवत नाही. घाबरण्याचं कारण नाही. मेंदूचा धडा मी स्वतः शिकवतो.

३१ जुलै, गुरुवार
एकशे चाळीस प्रयत्न. मग फाइल आठवली. फाइल आत आहे.
इकराकडे गेलो. दुसरा मार्गच नाही म्हणाली. मी जरा आवाज चढवला. असल्या वस्तू लोकांना देताच कशा? ती शांतपणे म्हणाली, "कुलूप चांगलं हाय सर. म्हणून तर उघडून न्हाई राहिलं." खाजामियाँनी चहा पाजला. इतक्या प्रेमानं पाजला की काळजीच वाटली.
रविवारी टेस्ट सिरीजचा पहिला पेपर. छत्तीस मुलं, नव्वद प्रश्न.

१ ऑगस्ट, शुक्रवार
नवे प्रश्न लिहायला बसलो. तेवीस झाले. त्यातला एक चार वेळा.
सिंधु म्हणाली, टेस्ट पुढं ढकला. मी ओरडलो. ती म्हणाली, "अहो, अकरा वर्षं तुमचं टायपिंग होईपर्यंत मी ताट झाकून बसले. मला वाईट वाटत नसंल का?"
दुपारी एकदम प्रकाश पडला. दयानंद चोर आहे. म्हणजे त्यानं प्रश्न आधीच चोरलेले असणार. म्हणजे कॉपी आहे! जेवण गोड लागलं.

२ ऑगस्ट, शनिवार
दयानंदकडे गेलो. उठून पाया पडला. मी म्हणालो, झालं गेलं विसरतो, माझे प्रश्न काढ. कुठले, म्हणाला. चोरलेले. तो बघतच राहिला. "आईशप्पथ सर, मी एका बी प्रश्नाला हात लावला न्हाई." मी म्हणालो, सगळे नसतील, शंभर? पन्नास? मी रागावणार नाही, पण थोडे तरी चोरले असशील. तो खाली बघून म्हणाला, "न्हाई सर. परीक्षेचा पॅटर्न बदललाय ना. तसले प्रश्न आता येतच न्हाईत."
खुर्चीवर बसलो. पाणी प्यायलो. सगळी हकीकत सांगितली. हसला नाही, हे मानलं पाहिजे. स्वतःचे नव्वद प्रश्न पेनड्राइव्हवर घालून हातात दिले. पासवर्ड विचारला, तर ठेवलाच नाही म्हणाला. इतका निष्काळजीपणा बरा नव्हे, हे त्याला नीट समजावलं.

३ ऑगस्ट, रविवार
टेस्ट व्यवस्थित पार पडली. पोरं बाहेर जाताना म्हणत होती, सर, ह्या बारीला पेपर लई भारी काढलाव. बावीस वर्षांत पेपरचं कौतुक पहिल्यांदाच झालं.
मी म्हणालो, मेहनत घ्यावी लागते.