चूलबंद आवतन काळ्या यादीत

परतूर, दि. २ एप्रिल

आदरणीय धर्मराजराव यांस,

अंगदचा सविनय नमस्कार. आपला गुडघा, आपला ऊस आणि आपले कृषी सेवा केंद्र ही तिन्ही सुस्थितीत असावीत. माझी प्रकृती, रक्तदाब वगळता, उत्तम आहे. आपण माझ्या पत्नीचे थोरले बंधू आणि चि. अर्पिताचे सख्खे मामा. तेव्हा आपल्या रागाला रागाने उत्तर न देता मी प्रथम घटना कालक्रमाने मांडतो. मतभेद त्यानंतर व्हावेत.

दि. ३ मार्च रोजी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मी अर्पिताच्या विवाहाचे निमंत्रण २१४ घरांना ईमेलने धाडले. (छापील पत्रिका का नाही, हे आपण विचाराल. येथील छापखान्याने पहिल्या मुद्रितात तीन चुका केल्या आणि त्या दुरुस्त करून आणलेल्या दुसऱ्यात पाच. संख्याशास्त्राचा विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला पुढचा अंदाज बांधणे कठीण नव्हते.) निमंत्रण चूलबंद होते, म्हणजे लहानथोर सर्वांनी यावे, त्या दिवशी आपल्या घरी चूल पेटू नये, असे त्यात निःसंदिग्ध लिहिले होते. दहा वाजून बारा मिनिटांनी त्यांपैकी १७१ निमंत्रणे परत आली. ईमेल पाठविणारे माझे यंत्र एका काळ्या यादीत आहे, असे कारण त्यांवर होते.

चौकशीअंती कळले ते असे. मी ज्या कंपनीकडून इंटरनेटवरील जागा भाड्याने घेतली आहे, तिने माझ्या यंत्राचाच क्रमांक केस उगवण्याच्या तेलाच्या एका विक्रेत्यालाही दिला आहे. त्याने नव्वद हजार लोकांना तेलाची जाहिरात पाठविली. ही यादी राखणाऱ्या मंडळींनी (ती कोण, कोणी नेमली, कोणाला जबाबदार, हे कोठेही लिहिलेले नाही) तो क्रमांकच गुन्हेगार ठरविला. गल्लीतील एकाची म्हैस दुसऱ्याच्या उसात शिरली म्हणून सगळ्या गल्लीचे नळ तोडावेत, असा हा न्याय. मी रीतसर तक्रार ईमेलने केली. मी काळ्या यादीत असल्यामुळे ती परत आली.

मग त्यांच्या संकेतस्थळावरील अर्ज भरला. सहा दिवसांनी बिनसहीचा प्रश्न आला : या २१४ जणांनी आपला संदेश मिळावा अशी पूर्वसंमती दिली होती काय? मी चार पृष्ठांचे उत्तर लिहिले. आमच्याकडे आवतन मागून घेत नाहीत, ते द्यायचे असते. ‘तुम्हाला बोलावू का?’ असे आधी विचारणे हा न बोलावण्याहून मोठा अपमान होय, हे सोदाहरण पटवून दिले. उत्तर एका ओळीचे आले : म्हणजे संदेश अनाहूत होता, हे आपणास मान्य आहे. धर्मराजराव, चाळीस वर्षे मी इतरांच्या युक्तिवादांतील छिद्रे दाखवीत आलो. या ओळीत मला एकही सापडले नाही. त्या दिवसापासून मी थकलो आहे.

दरम्यान आपल्या भगिनीने, मीनाने, पिशवीत कुंकू-अक्षता घेतल्या आणि त्या १७१ घरांचे उंबरे अकरा दिवसांत झिजविले. तिला कोणी अर्ज भरावयास सांगितले नाही. उरलेली ४३ निमंत्रणे परत आली नव्हती, म्हणून मी त्यांपुढे ‘पोहोचले’ अशी खूण केली आणि त्या घरी जाण्याची गरज नाही, असे तिला बजावले. त्या ४३ घरांत आपले घर होते.

परवा बाजारात म्हस्कूने (आपला चुलतभाऊ, आवाज चौकभर जाईल असा) मला गाठून विचारले, “काय दाजी, भाच्याचं लग्न असतं तर सोडून देलं असतं. पोरीचं लगीन, अन् मामालाच आवतन न्हाई? मंग पोरीच्या मागं उभं कोण ऱ्हाणार?” मी तत्काळ आपणास दूरध्वनी करून सांगितले, की निमंत्रण आले आहे, स्पॅमच्या कप्प्यात पाहावे. त्यावर आपण म्हणालात, “कचऱ्याच्या डब्यात हुडकू का बहिणीच्या घरचं आवतन? न्हाई येत मी, जा.” आणि फोन ठेवलात. मामा नसेल तर बोहल्यावर चढणार नाही, असे अर्पिताने मला सांगितले आहे. विवाह २६ तारखेस आहे.

माझ्याकडून पाठविण्यात कसूर झाली नाही, एवढे सिद्ध व्हावे, यासाठी हा पत्रप्रपंच. सौ. नंदावहिनींस नमस्कार.

आपला,
अंगद

ता. क. १ : न्याय दोन्ही बाजूंना सारखा असावा म्हणून काल माझाही स्पॅमचा कप्पा प्रथमच उघडून पाहिला. त्यात आपली अकरा पत्रे आहेत. आठ खतांच्या दरांची, दोन दिवाळीची आणि एक गतवर्षी आपल्या नव्या घराच्या वास्तुशांतीचे, सहकुटुंब. ‘मला वेगळे निमंत्रण नाही’ म्हणून मी त्या दिवशी मीनाला एकटीलाच पाठविले होते, आणि वर्षभर तिला ते ऐकविलेही.

ता. क. २ : वरील गोष्ट मीनाला सांगितली, ही माझी चूक. आज सकाळच्या बसने ती आपल्याकडे निघाली आहे. जाताना म्हणाली, “आता तुम्हीच या माझ्या भावाच्या दारात, कुंकू-अक्षता घेऊन. मंगच मी येईन माघारी.” मी गुरुवारी सकाळच्या जीपने येऊ इच्छितो. पत्रिका नसेल, खुलासाही नसेल. परंतु न विचारता कोणाच्या दारात जाण्याची माझी हिंमत आता उरलेली नाही. यावे की न यावे, आणि आपण २६ तारखेस येणार की नाही, ते हे पत्र आणणाऱ्या जीपचालकाच्याच हाती लेखी कळवावे. तोंडी निरोप चालणार नाही. उत्तर मीनाच्या हस्ताक्षरात असल्यास तेही ग्राह्य धरले जाईल.