उन्हात ठेवलेले सेल

३ नोव्हेंबर १९७९, कर्जत

आज फॉर्म भरला. कुंभिवलीला हायवेवर 'मयूरज्योत' म्हणून सेलचा कारखाना निघालाय. ट्रान्झिस्टर बनवणाऱ्या कंपन्यांना सेल पुरवणार. विम्याचे एजंट जयवंताभाऊ म्हणाले, "वहिनी, आता शेतावर रेडिओ, गोठ्यात रेडिओ, न्हाव्याकडे रेडिओ. ते सगळे काय हवेवर चालणार?" पटलं. शेअर्स घेतले.

पैसे सासूबाईंचे. अंडी विकून कानाच्या यंत्रासाठी साठवलेले. यंत्र मी दादरहून आणणार होते. आणणार आहेच. वर्षात दुप्पट झाले की एका कानाऐवजी दोन्ही कानांना आणीन. म्हणजे हिशेबाने त्यांचा एक कान मी वाढवलाच.

नणंद आवडी पहिल्या बाळंतपणाला जानेवारीत येणार. बाळाचं रडणं ऐकायचं ही सासूबाईंची एकच इच्छा. जानेवारी लांब आहे.

४ नोव्हेंबर

सासूबाईंनी विचारलं, "यंत्र कवा येतंय गं?" तोंडातून निघून गेलं, नंबर लावलाय. त्यांना ऐकू जावं म्हणून कानाशी ओरडले. लगेच भिंतीपलीकडून चंद्राबाई, "कितवा नंबर हो, बाई?"

खोटं बोलायचं असेल तर सासू बहिरी नसावी.

ह्यांनाही नंबरचंच सांगितलं. रेल्वेतला माणूस. वेटिंग लिस्टवर चटकन विश्वास बसला.

१८ नोव्हेंबर

सासूबाईंनी आमच्या रेडिओतले उतरलेले सेल उन्हात घातले. मिरच्यांच्या शेजारी. इतकी वर्षं पाहतेय, कधी खटकलं नाही. आज चाळभर फिरून पाहिलं. प्रत्येक कठड्यावर तेच. अख्खं कर्जत सूर्यावर रेडिओ चालवणार असेल तर मयूरज्योतने काय करायचं?

सासूबाईंना खुणेने सांगितलं, टाकून द्या. म्हणाल्या, "का टाकू? जीव हाय अजून त्यात."

निश्चय: शाळेत हा विषय घ्यायचा.

१९ नोव्हेंबर

घेतला. आरोग्याच्या तासाला. जुने सेल वापरू नयेत, म्हणाले. वर्ग एका सुरात म्हणाला, "बाई, मग नवे कोण देणार?"

लोकजागृतीला वेळ लागतो.

४ डिसेंबर

टेस्ट मॅच सुरू. पाच दिवस सकाळपासून कॉमेंट्री, दुकानादुकानात, टपरीवर. मला क्रिकेट कळत नाही, पण ही मॅच लवकर संपू नये. बुद्धवंदनेच्या वेळीसुद्धा मनात तेच आलं. लाज वाटली. मग वाटलं, सासूबाईंसाठीच तर आहे.

९ डिसेंबर

ड्रॉ! घरात सगळे खट्टू. मी शिरा केला. हे म्हणाले, "कशाबद्दल?" दिवस चांगला होता म्हटलं.

२३ डिसेंबर

कुंभिवलीला शेअरहोल्डरांची सभा. घरी सांगितलं, शिक्षकांचं शिबिर आहे. एस.टी.त उभ्याने गेले.

कारखान्याच्या शेडमध्येच खुर्च्या. चेअरमन सुटाबुटातले. म्हणाले, दोन मोठ्या ट्रान्झिस्टर कंपन्यांच्या ऑर्डरी येण्याच्या मार्गावर आहेत, भविष्य उज्ज्वल आहे. तेवढ्यात लाइट गेली. टॉर्च मागवला. तो मिणमिणला. चेअरमन म्हणाले, "हे आपले सेल नाहीत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

निघताना गेटवरचा गोमा ट्रान्झिस्टर ऐकत होता. आत दुसऱ्याच कंपनीचे सेल. विचारलं, आपले का नाही घातलेस? "बाई, मला बातम्या ऐकायच्या हायत," म्हणाला. कामगारांत निष्ठा राहिली नाही.

भेट म्हणून प्रत्येकाला सेलचा एक खोका दिला. शिबिरात मिळाला म्हणून घरी सांगितलं.

२४ डिसेंबर

सासूबाईंनी खोका उघडला, सेल पुसले आणि उन्हात मांडले. कोरे करकरीत सेल! मी हातानेच विचारलं, हे काय? "थंडीचं दमट नगं व्हायला. माझ्या यंत्राला लागतील."

हे टॉर्चचे जाडजूड सेल. यंत्राला बारीक लागतात. सांगितलं नाही. सांगायचं तर ओरडावं लागतं.

आता रोज मांडतात.

५ जानेवारी १९८०

आवडी आली. येताच आईचे कान पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मी चहा ठेवला.

निश्चय: शेअर्स थोडे वर गेले की विकायचे. दुप्पट नकोत. होते तेवढे मिळाले तरी पुरे.

१३ जानेवारी

जयवंताभाऊ हल्ली आमच्या गल्लीतून जात नाहीत. कामं वाढली असतील.

१६ जानेवारी

आवडीला मुलगी झाली. दवाखान्यात सासूबाई बाळाच्या तोंडाकडे एकटक पाहत होत्या. "रडतीय ना गं?" मी मान हलवली. "कशी?" आता कसं सांगणार? तोंड वाकडं करून दाखवलं. हसल्या. परत करायला लावलं.

तशी सगळी बाळं सारखीच रडतात. चार महिन्यांनी ऐकलं तरी तेच ऐकू येईल.

जेवण गेलं नाही. दवाखान्याच्या वासाने असेल.

३ फेब्रुवारी

कुंभिवलीला जाऊन आले. गेटला कुलूप. गोमा एकटा. सेल पाझरून सेट खराब झाले म्हणून ट्रान्झिस्टरवाल्यांनी सगळा माल परत धाडला, मालक मुंबईला गेले ते गेलेच. गोमाचा पगारही अडकलाय. तरी बसून होता. "जाऊ कुठं? आत माजे बी शेअर हायत."

कुलूप आहे म्हणजे निदान आतला माल सुरक्षित आहे.

घरी आले तर आवडी झोपलेली, बाळ साडीच्या झोळीत. झोळीची दोरी सासूबाईंनी पायाच्या अंगठ्याला बांधलेली. बाळाने पाय झाडले की दोरी ओढली जाते, मग ह्या उठतात. म्हणाल्या, "यंत्र आलं की सोडीन."

उद्या सांगायचं.

४ फेब्रुवारी

चंद्राबाईंकडे पाहुणे. ओरडणं बरं दिसलं नसतं.

७ फेब्रुवारी

घसा बसलाय.

१० फेब्रुवारी, दुपार

सांगितलं. आवडी न्हाणीत होती. सासूबाईंच्या कानाशी तोंड नेलं आणि एका दमात ओरडले, नंबर लावलाच नाही, तुमच्या पैशांचे शेअर्स घेतले, कंपनी बुडाली, यंत्र नाही.

चाळीतले सगळे रेडिओ बंद झाले. चंद्राबाईंचा आवाज पहिल्यांदाच आला नाही. हे सहाच्या गाडीने येतील, त्यांना जिन्यातच कळेल.

सासूबाई काही बोलण्याआधी दोरीला हिसका बसला. माझ्या ओरडण्याने बाळ जागं झालं होतं. त्या उठल्या, दोरी सोडली, पोरीला उचलून माझ्या मांडीवर दिलं.

"रडतीय ना?"

मान हलवली.

"मग ऐक. माझ्या वाटणीचं बी आता तूच ऐक."

आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेल्या.

ऐकलं. पोरगी बराच वेळ रडत होती. प्रत्येक वेळी वेगळं रडते.

ऊन कलल्यावर सेल आत आणले. दोन पाझरलेत. बाकीचे उद्या मीच उन्हात ठेवीन.