आंबागडचा ‘हाकारा’ बंद पाडल्याबाबत

प्रति,
मा. नियंत्रण अधिकारी,
जिल्हा वन्यप्राणी सूचना कक्ष, भंडारा.

विषय : ‘हाकारा’ बंद करण्याची नोटीस मागे घेणे व सूचनेआधी मंजुरी घेण्याची अट काढून टाकणेबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाची नोटीस, तसेच ‘घटनेची नोंद अपूर्ण’ असल्याचे आपले पत्र.

महोदय,

१. मी कामिनी तेजराम शरणागत, राहणार आंबागड, तालुका तुमसर. नागपूरच्या एका कंपनीचे संगणक प्रणाली लिहिण्याचे काम मी घरून करते. मागच्या वर्षी मोहफुलांच्या हंगामात गावासाठी ‘हाकारा’ हे मोबाइल ॲप लिहायला घेतले. जंगलात ज्याला अस्वल, वाघ, बिबट दिसेल त्याने फोनवर एक खूण दाबायची, की आसपासच्या सगळ्यांचे फोन वाजतात. एवढेच त्याचे काम. ते मुक्त स्रोत ठेवले आहे, म्हणजे त्याचे आतले लिखाण कोणीही पाहावे, वापरावे, सुधारावे. सर्व्हरचा खर्च बचत गटाच्या बाया, आंबागडची दुकाने आणि पुढे करडी गावचे धानवाले शेतकरी वर्गणीने भागवतात. शासनाकडे आम्ही काहीही मागितले नव्हते.

२. या एका वर्षात काय झाले ते आपल्याला माहीत असावे. सुरुवातीला ॲप वाईट होते. कोणीतरी कुत्र्याला बिबट समजला आणि भर लग्नात सगळ्या मांडवाचे फोन वाजले. मग सूचनेसोबत पाठवणाऱ्याचे नाव व जागा दिसू लागली, आणि तिथे असलेल्या दुसऱ्या कोणालाही ‘खोटी आहे’ असे लगेच कळवता येऊ लागले. बचत गटाच्या गिरजाबाई म्हणाल्या, “लिहून काहून पाठवता? मले वाचता येते का?” म्हणून गावातल्याच रंभाबाईंच्या आवाजात आमच्या बोलीत सूचना भरली : “सावध रायजा, तिकडं नोको जाजो.” शेवटी त्यांना ठसका लागला, तो ध्वनिमुद्रणात तसाच राहिला. जंगलात नेट नसते, ही मोठी अडचण होती. ती आसाममधल्या एका मुलीने सोडवली. तिच्या गावात हत्ती येतात. तिने हाकाराचे लिखाण इंटरनेटवर वाचले, साध्या मेसेजवरूनही फोन वाजेल अशी सोय लिहून आम्हाला पाठवली आणि स्वतःच्या गावात हत्तींसाठी तेच सुरू केले. आम्ही तिला कधी पाहिले नाही.

३. हिवाळ्यात आपण मला व चंद्रकुमार बिसेन यांना भंडाऱ्याला बोलावले. चंद्रकुमार वर्गणीचे काम पाहतात. आपण शाल-नारळ दिले आणि लिखाण मागितले. आम्ही आनंदाने दिले. अट दोनच गोष्टींची होती : ज्यांनी बनवले त्यांची नावे राहावीत आणि आपण कराल ते बदल सर्वांना खुले असावेत. त्यानंतर आपल्या कक्षाने ‘जिल्हा वनसूचना प्रणाली’ सुरू केली. फलकावर आपले नाव, आतले लिखाण कुलूपबंद. ‘संपूर्णपणे कक्षाने विकसित केलेली’ असे आपण भाषणात सांगितले. महोदय, आपल्या प्रणालीत रंभाबाईंचा ठसकासुद्धा आहे.

४. एवढ्यावर आम्ही गप्प बसलो असतो. परंतु आपण आम्हालाच नोटीस दिली, की हाकारा ही शासकीय प्रणालीची ‘अनधिकृत नक्कल’ असून त्यातून अफवा पसरतात, तो तत्काळ बंद न केल्यास गुन्हा दाखल होईल. गावात पोलीस नकोत म्हणून हाकारा बंद केला. लोकांनी आपले ॲप घेतले. त्यात आपण एकच सुधारणा केली होती : प्रत्येक सूचना कक्षातील अधिकाऱ्याने मंजूर केल्याशिवाय पुढे जात नाही.

५. आता कुंताबाई निंबार्ते यांच्याबद्दल. वय साठीच्या पुढे, दरवर्षी मोह वेचायला जातात. गेल्या आठवड्यात पहाटे जंगलात वणव्यावर नजर ठेवणारे मजूर सुखराम यांना नाल्याजवळ पिलासह अस्वल दिसले. त्यांनी जागेवरूनच आपल्या ॲपवर कळवले. उत्तर आले : ‘सूचना पडताळणीसाठी प्राप्त.’ कुंताबाई त्याच नाल्याकडे निघाल्या होत्या. फोन कमरेला खोचलेला होता. तो वाजला नाही.

ओरडणे ऐकून पहिले धावले ते सुखरामच. त्यांनी व आणखी दोघांनी कुऱ्हाडी आपटून, आरडाओरडा करून अस्वलाला हाकलले. कुंताबाईंचा डावा डोळा गेला, डोक्याची कातडी सोलून निघाली. सून राखी त्यांना मांडीवर घेऊन जीपमध्ये बसली. जीप तुमसरजवळ आली तेव्हा सासूचा फोन वाजला : “सावध रायजा, तिकडं नोको जाजो.” आपले कार्यालय उघडले होते. सूचना मंजूर झाली होती.

राखीने मला विचारले, “ताई, आता कोणाले सांगून राहिले हे?” त्याचे उत्तर आपण द्यावे.

६. चंद्रकुमार आपल्या कक्षात गेले, तेव्हा त्यांना ‘सूचना कार्यालयीन वेळेत निकाली काढली आहे’ असे सांगण्यात आले. नंतर आपले पत्र आले, की प्राण्याचे छायाचित्र जोडलेले नसल्याने घटनेची नोंद अपूर्ण आहे. अस्वल छातीवर बसले असताना कुंताबाईंनी त्याचा फोटो काढायला हवा होता, असे आपले म्हणणे असेल तर तसे सहीनिशी लेखी द्यावे. ते पत्र मी चावडीवर वाचून दाखवीन.

७. माझ्या मागण्या : मंजुरीची अट आजच काढा. नोटीस मागे घ्या. लिखाणाचे कुलूप काढा, आणि ज्यांचे काम आहे त्यांची नावे परत लावा, आसामच्या मुलीचेही. कुंताबाईंची नोंद पूर्ण करा. शाल मी सोबत परत पाठवत आहे.

८. आपल्या उत्तराची वाट आम्ही पाहिलेली नाही. ग्रामसभेत ठराव करून हाकारा पुन्हा सुरू केला आहे. आज सकाळी सुखराम यांना तेच अस्वल नाल्यावर पुन्हा दिसले. त्यांनी खूण दाबली, वाटेतल्या बायांचे फोन वाजले आणि त्या मागे फिरल्या. मोह झाडाखाली पडून राहिला. बाया सगळ्या घरी आल्या. आपल्या मते हा गुन्हा असेल, तर तो दाखल करताना पहिले नाव माझे लिहावे. खालची नावे सोबत जोडली आहेत.

आजपर्यंत आपली नम्र, यापुढे फक्त अर्जदार,

(सही)
कामिनी तेजराम शरणागत
आंबागड, ता. तुमसर, जि. भंडारा
दिनांक : १७ एप्रिल २०२५

सोबत : नोटीस व पत्राच्या प्रती, ग्रामसभेचा ठराव, ग्रामस्थांच्या सह्या व अंगठे (पहिला अंगठा कुंताबाईंचा, रुग्णालयातून), शाल.